हाताखालची झिलई

मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीत, चालकाच्या दारावर काचेच्या फटीला लागून जो पत्र्याचा काठ असतो, त्यावर एक उघडा डाग हमखास सापडायचा. कोपराएवढा. त्याच्या कडेने रंगाचे थर एकाखाली एक दिसायचे. वरचा ताजा हात, त्याखालचा जुना, मग करडा प्रायमर, कुठे तांबूस रेड ऑक्साइड, आणि मधोमध नुसतं पोलाद, घासून घासून गुळगुळीत झालेलं. पावसाळ्यात त्यावर पिवळसर गंज धरायचा आणि दिवाळीपर्यंत कोपर तो पुसून काढायचा. खिडकीबाहेर हात टेकवून दिवसभर शहर फिरणाऱ्या माणसाने गाडीवर नकळत केलेलं हे काम होतं.

ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेली पद्मिनी ही मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ही काळीपिवळी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. खाजगी पद्मिनी मात्र आहेत. पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात, मुंबईच्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली त्या उभ्या दिसतात, आणि गेल्या काही वर्षांत त्या पुन्हा उभ्या करण्याची हौस वाढली आहे. या हौसेत पैसा आधी इंजिनाला जातो, मग बाहेरच्या रंगाला, मग सीटकव्हरला. दाराची आतली हँडलं, काच वरखाली करायचे दांडे, त्रिकोणी काचेची कडी, हॉर्नची चकचकीत रिंग, ॲशट्रेचं झाकण, डॅशबोर्डचा पत्रा, दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी हे सगळं शेवटी उरतं. तोवर पैसा आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात, म्हणून हे भाग एका पिशवीत भरून कुणातरी प्लेटिंगवाल्याकडे टाकले जातात.

याच पिशवीबद्दल मला लिहायचं आहे. बंपर आणि ग्रिल डोळ्यांसाठी असतात. आतला धातू हातासाठी असतो. गाडीत बसणारा माणूस बंपरला वर्षातून एकदा हात लावत असेल, पण हँडलला रोज लावतो, बहुधा न बघता. म्हणून आतल्या भागांच्या कामाची परीक्षा हातानेच व्हायला हवी. ती डोळ्यांनी होते, आणि बरीच कामं तिथेच बिघडतात.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची 1100 ही गाडी पन्नासच्या दशकापासून तयार होऊ लागली. 1964 मध्ये तिचं ‘डिलाइट’ हे रूप आलं, पुढे नाव बदलून ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झालं, आणि 2000 च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत मूळ इटालियन बांधणी फारशी बदलली नाही. साठच्या दशकातल्या रूपात ही गाडी जवळपास चाळीस वर्षं बनत राहिल्यामुळे एक गोष्ट झाली. जगभरातल्या गाड्यांच्या आतून धातू हद्दपार होऊन प्लास्टिक आलं, तरी आपल्याकडची पिढी पत्र्याच्या डॅशबोर्डवर हात ठेवून आणि धातूचा दांडा फिरवून मोठी झाली. नंतरच्या पद्मिनींत प्लास्टिक वाढत गेलं हे खरं. जुन्या गाड्यांत मात्र हात टेकेल तिथे धातूच होता.

तो धातू बहुतेकांना लोखंड किंवा पितळ वाटतो. त्या काळच्या गाड्यांची हँडलं आणि दांडे बहुतेक मझाकचे असत. मझाक म्हणजे जस्ताचा मिश्रधातू, त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. तो 380 ते 390 अंशांच्या आसपास वितळतो, साच्यात दाबाने भरता येतो, आणि बारीकसारीक नक्षी, धारा, अक्षरं जशीच्या तशी उमटवतो. स्वस्तात सुबक वस्तू हवी असेल तर याला तोड नव्हती. सुरुवातीच्या काळात या ओतीवांत शिशाचा अंश राहून जाई आणि वस्तू काही वर्षांत आतूनच भुसभुशीत होऊन तुटे. 1929 मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्त वापरून हा मिश्रधातू स्थिर केला, तेव्हा मोटारउद्योगाने तो उचलून धरला.

जस्त स्वतः मऊ, करडं आणि हळवं. हवेत उघडं ठेवलं तर पांढरी पूड धरतं. म्हणून त्यावर आधी तांबं, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियम असा तिहेरी मुलामा देतात. सजावटीसाठी क्रोमचा मुलामा देण्याची व्यवहार्य रीत 1924 च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी बसवली. निकेलच्या थराची जाडी साधारण दहा ते वीस मायक्रॉन असते, क्रोमची मात्र अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरला, तर क्रोमचा थर त्याच्या दीडशे-दोनशेव्या भागाएवढा भरतो. त्यामुळे क्रोमला स्वतःचा आकार नसतोच. खालची खरवड, खड्डा, लाट, जे असेल ते सगळं तो वर दाखवतो.

झीज दोन प्रकारची असते आणि त्या दोहोंत गल्लत करू नये. एक हाताची. बोटं रोज जिथे पडतात तिथे क्रोम घासून जातो आणि खालचं निकेल वर येतं. क्रोमची छटा निळसर, निकेलची पिवळसर, म्हणून दांड्याच्या मुठीपाशी मऊ, उबदार पिवळेपणा येतो. ही झीज गुळगुळीत असते. डोळे मिटून बोट फिरवलं तर ती कळतही नाही. दुसरी झीज गंजाची. क्रोमच्या थराला जन्मतःच सूक्ष्म भेगा असतात. त्यांतून मुंबईची खारी हवा आणि तळहाताचा घाम आत झिरपतो, निकेल आणि तांब्यातली छिद्रं शोधत जस्तापर्यंत पोचतो, आणि तिथे जस्ताची पांढरी पूड होऊन फुगते. ती वरचा मुलामा उचलते. आधी मोहरीएवढे फोड येतात, मग ते फुटतात आणि काठ धारदार होतात. असं हँडल ओढताना बोट चिरू शकतं.

पहिल्या झिजेला घाई नसते. फक्त एक इशारा द्यायला हवा. निकेल हे त्वचेच्या ॲलर्जीचं फार मोठं कारण आहे. खोट्या दागिन्यांनी कानाची पाळी सुजते ती बहुधा त्यामुळेच. क्रोम गेलेला दांडा रोज धरून बोटांना खाज येत असेल, तर तो भाग प्लेटिंगला द्यावाच. तसं नसेल तर मऊ फडकं, सौम्य साबणाचं पाणी आणि वर मेणाचा हलका हात एवढं पुरतं. निकेलवर खरखरीत पॉलिश घासून ‘नव्यासारखं’ करायला गेलं की उरलेलं निकेलही जातं, तांब्याची लाली दिसू लागते, आणि मग माघारी फिरता येत नाही.

दुसऱ्या झिजेला टाकी, तेजाब आणि बफ लागतो. हे काम मुंबईच्या उपनगरांतल्या, पुण्याच्या भोसरीतल्या किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वस्तीतल्या छोट्या गाळ्यांत होतं. अशा गाळ्यांचं मुख्य काम म्हणजे नळ, फर्निचरच्या मुठी, मोटारसायकलचे भाग यांचे शेकड्यांनी येणारे लॉट. जुन्या गाडीची चार हँडलं घेऊन येणारा हौशी माणूस तिथे पाहुणा असतो. त्याच्या हँडलांना वेळ जास्त लागतो आणि पैसे कमी मिळतात, त्यामुळे त्याचं काम घेणारा कारागीर बहुधा त्या कामाच्या ओढीनेच घेतो. हे आपण विसरू नये आणि घासाघीस करताना तर मुळीच विसरू नये.

पहिलं काम जुना मुलामा उतरवण्याचं. क्रोम हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळतो, निकेल उलटा विद्युतप्रवाह देऊन सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उतरवतात. खालचं जस्त या ॲसिडांना सहज बळी पडतं, म्हणून वस्तू किती सेकंद बुडवायची आणि कधी वर घ्यायची हे डोळ्याला कळावं लागतं. उघडी झाली की खड्डे दिसतात. खड्ड्यातली पांढरी पूड पूर्ण निघाली नाही तर वरून कितीही मुलामा चढवा, पुढच्या पावसाळ्यात फोड त्याच जागी येतो. म्हणून चांगला कारागीर प्रत्येक खड्डा बारीक बिटाने कोरतो, अगदी निरोगी धातू लागेपर्यंत. खड्डा मग आणखी मोठा दिसतो आणि मालकाला वाटतं वस्तू बिघडवली.

यानंतरची पायरी तांब्याची, आणि खरी करामत इथेच आहे. नेहमीच्या तांब्याच्या द्रावणात आम्ल असतं, जस्त त्यात खाल्लं जातं. म्हणून जस्तावर पहिला पातळ हात सायनाइडच्या द्रावणातून तांब्याचा देतात, आणि त्या कवचावर मग आम्लाच्या द्रावणातून जाड तांबं चढवतात. जाड तांबं खड्ड्यांत भरतं. वस्तू बाहेर काढायची, वॉटर पेपरने घासायची, पुन्हा तांब्यात सोडायची, पुन्हा घासायची. खड्डा खोल असेल तर कमी तापमानाच्या डागाने भरावा लागतो, आणि तिथे हात जपावा लागतो, कारण ज्योत जरा जास्त झाली तर मझाकचं हँडलच वाकून गळतं. तांब्याची ही फेरी किती वेळा करायची याला नियम नाही. तांबं आरशासारखं सपाट होईपर्यंत. निकेल आणि क्रोम त्यानंतर भराभर होतात. क्रोमच्या टाकीत तर वस्तू काही मिनिटंच असते. ग्राहकाला दिसतो तो क्रोम, पण मेहनत सगळी त्याखाली पुरलेली असते.

या टाक्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सायनाइड जीवघेणं आहे, आणि त्यात आम्लाचे चार थेंब मिसळले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. क्रोमच्या टाकीतलं षट्संयुजी क्रोमियम कॅन्सर करतं हे पूर्णपणे सिद्ध झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक, गटात टाकलं आहे. टाकीतून उठणाऱ्या बुडबुड्यांबरोबर त्याचे तुषार हवेत येतात आणि वर्षानुवर्षं ते श्वासात गेले तर नाकाच्या पडद्याला भोकं पडतात. आपल्याकडे प्लेटिंग उद्योग प्रदूषणाच्या लाल वर्गात मोडतो. सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमहून जास्त नको आणि सायनाइड 0.2 मिलिग्रॅमहून जास्त नको, असा नियम आहे. त्यासाठी क्रोमियमवर बायसल्फाइटची प्रक्रिया करून त्याचं कमी घातक रूप करायचं, चुन्याने गाळ बसवायचा, सायनाइड क्लोरीनने मोडायचं, हे सगळं करावं लागतं आणि त्याला खर्च येतो. शोषक पंखा नसलेल्या, पाणी सरळ गटारात सोडणाऱ्या गाळ्यात काम निम्म्या पैशात होतं. तिथला तरुण मुलगा उघड्या हातांनी हँडल टाकीतून काढतो. जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्याने आपलं काम कुठे द्यायचं हे ठरवताना हे आधी बघावं. मी स्वतः हा प्रश्न चकाकीच्याही आधीचा मानतो.

त्या कमी घातक, म्हणजे त्रिसंयुजी, क्रोमची टाकी पुष्कळ सुरक्षित आहे आणि ती आता आपल्याकडेही मिळते. तिची छटा किंचित गडद येते, जुन्या क्रोमचा निळसरपणा तिच्यात उतरत नाही. जाणकार म्हणतात की फरक ओळखू येतो. शेजारी शेजारी ठेवून उन्हात पाहिलं तर येतो. गाडीच्या आत, दाराच्या सावलीत, बोटांखाली तो कुणालाही येणार नाही. आतली हँडलं एकाच वेळी एकाच टाकीतून काढून घेतली तर आपसांत छटा जुळते, आणि तेवढं पुरे आहे.

बफवाल्याबद्दल दोन शब्द जास्त लिहावेसे वाटतात, कारण गाडीच्या आतल्या धातूचं भलंबुरं त्याच्याच हातात असतं. फिरत्या चाकावर कापडाचे थर, त्यावर पॉलिशची वडी टेकवायची, आणि मग वस्तू दाबायची. काळी भुकटी त्याच्या चेहऱ्यावर, भुवयांवर, मानेवर बसते. चाक वस्तूच्या सपाट भागावर जेवढं घासतं त्याहून कितीतरी जास्त तिच्या कडेवर घासतं. हँडलच्या पाठीवरची रेघ, टोकाची हलकी धार, मुठीभोवतीची खाच, हे सगळं मूळ साचा करणाऱ्याने हाताचा विचार करून ठेवलेलं असतं. बोट घसरू नये, अंगठ्याला टेकण मिळावं, अंधारात दांडा कुठून धरायचा ते कळावं. बेफिकीर बफिंगमध्ये या धारा साबणाच्या वडीसारख्या विरघळतात. वस्तू झळझळीत होते, फोटोत सुंदर दिसते, आणि हातात आली की परकी वाटते. बफवाला धार सांभाळायची ठरवतो तेव्हा चाकाऐवजी लाकडी पट्टीवर वॉटर पेपर गुंडाळून हाताने घासतो, कडेशी थांबतो, सपाट भाग वेगळा करतो, गोलाई वेगळी. याला तिप्पट वेळ लागतो. काम देताना तोंडाने ‘चांगलं करा’ म्हणण्याऐवजी कुठली रेघ शाबूत राहायला हवी हे बोटाने दाखवून द्यावं, खडूने खूण करून द्यावी. खूण केलेल्या कडेची काळजी घेतली जाते, एवढं मी पाहिलं आहे.

आणखी एक बारकावा. दांडा ज्या दातेरी आसावर बसतो त्याचं भोक बुजवून द्यायला सांगावं. तिथे निकेल चढलं तर दांडा बसतच नाही, आणि मग मेकॅनिक हातोडी घेतो. काढतानाही तसंच. काही गाड्यांत दांडा आडव्या खिळ्याने धरलेला असतो, काहींत नालाच्या आकाराच्या स्प्रिंग क्लिपने, काहींत स्क्रूने. आधी टॉर्च लावून बघावं. पेचकसाने उचकून काढल्याने आजवर किती मुठी मोडल्या असतील त्याला गणती नाही.

डॅशबोर्डचा पत्रा हा वेगळा विषय. तो रंगाचा. कारखान्यात त्यावर भट्टीत भाजलेला रंग होता, आपल्या रंगाऱ्याकडे भट्टी नसते, तो ड्यूको किंवा दोन भागांचा पीयू मारतो. पीयू टणक, टिकाऊ आणि चमकदार. ड्यूको मऊ, पण त्याची झिलई खोल असते आणि ओरखडा पडला तर पॉलिशने पुन्हा काढता येते. आतल्या पत्र्यासाठी मी ड्यूकोच्या बाजूचा आहे. पीयूची जाड, ओली दिसणारी चमक जुन्या पत्र्यावर परकी दिसते, आणि बोटाखाली ती काचेसारखी लागते. शिवाय पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने रंगाऱ्याला दम्याचा विकार जडू शकतो. साध्या रुमालाने ते थांबत नाही.

रंग काढताना कोरडं घासू नये, वॉटर पेपर पाण्याबरोबरच वापरावा. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 पासून लागू झाली. जुन्या गाड्यांच्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाचे क्षार सर्रास असत. ती धूळ लहान मुलांच्या घरात उडू देऊ नये. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी प्रायमर मारावा, पावसाळ्यात तर त्याच तासाला. लांबी कमीत कमी भरावी. किल्लीच्या भोवती, ॲशट्रेच्या काठावर, स्पीकरच्या जाळीशी जाड लांबी भरली की वर्षभरात थरथरीने तडे जातात.

पावडर कोटिंग हल्ली सगळ्यांना सुचतं. साध्या पत्र्याच्या कंसांना ते ठीक. पण ते 180 ते 200 अंशांवर भाजलं जातं, त्या उष्णतेत मझाकच्या ओतीवातली अडकलेली हवा बाहेर पडून रंगाला फोड आणते, आणि कुठे शिशाचा डाग असेल तर तो वितळतो. स्प्रेच्या डब्यातला ‘क्रोम’ तर हाताच्या भागांवर वापरूच नये. तो बोटांनी काळा पडतो आणि आठवड्यात निघू लागतो. उंबऱ्याच्या ॲल्युमिनियम पट्टीचं काम सोपं आहे. कॉस्टिक सोड्याने जुना थर उतरवायचा, ब्रशच्या सरळ रेघा मारायच्या आणि पुन्हा अ‍ॅनोडाइझ करून घ्यायची.

आता प्रश्न येतो किती करायचं. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं, पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये, पुढच्या नोंदणीला 5,000. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्यात मोठा फेरफार केलेला नसावा. 1974 च्या सुमारास पद्मिनी हे नाव लागलेल्या पहिल्या गाड्या या वयात आल्या आहेत. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनदही जतन, डागडुजी आणि पुनर्निर्माण यांत फरक करते, आणि जे शाबूत आहे त्याला कमीत कमी हात लावण्याचा आग्रह धरते. ट्यूरिन हे फियाटचंच गाव. मला सनदेची ही दिशा योग्य वाटते. घासून पिवळी झालेली मूठ आणि फोड येऊन सोललेली मूठ यांना एकच उपाय करण्याचं कारण नाही. पहिली वापरलेली आहे, दुसरी आजारी आहे. सगळ्याच मुठी नव्याने चमकवल्या तर ज्या हातांनी ती गाडी चालवली त्यांचा मागमूस जातो. सगळ्या तशाच ठेवल्या तर गंज आणखी आत जातो.

जिथे मझाक इतका खाल्ला गेला आहे की तांब्याने भरणं शक्य नाही, तिथे दोन वाटा उरतात. चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जोड शोधायची, किंवा नवी वस्तू ओतून घ्यायची. ओतणारे पितळ वापरतात, कारण मझाकचा साचा लाखोंच्या मालासाठी परवडतो, चार नगांसाठी नाही. पितळ मझाकहून जड असतं, थंडीत हाताला जास्त गार लागतं, आणि ओतीव थंड होताना दीड-दोन टक्के आकसत असल्याने जुनं हँडलच नमुना म्हणून वापरलं तर नवं किंचित लहान निघतं. त्यासाठी जुन्या हँडलवर आधी थोडी भर घालून नमुना करावा लागतो. चांगल्या ओतीव कामावर क्रोम उत्तम बसतो, मझाकपेक्षाही जास्त टिकतो. पण डाव्या दाराला मझाक आणि उजव्याला पितळ असं केलं तर गाडीत बसणाऱ्याला रोज जाणवतं. बदलायचं तर पुढची जोडी एकत्र बदलावी.

आणि नमुन्याची गोष्ट निघाली आहे म्हणून. आपल्या रस्त्यांवर खाजगी गाडीत माणसं डावीकडून चढतात-उतरतात. चालकाच्या मागचं उजवं दार सगळ्यांत कमी उघडलं जातं. तिथला दांडा, तिथलं हँडल, तिथली उंबऱ्याची पट्टी बहुतेक पद्मिनींत कारखान्यातून निघाली तेव्हाच्या अवस्थेच्या बरीच जवळ असते. धारा शाबूत, रेघा स्पष्ट, छटा मूळची. पिशवी भरताना हे दार वगळावं. बफवाल्याला, प्लेटिंगवाल्याला, ओतणाऱ्याला तिथेच आणून दाखवावं, हात लावू द्यावा, आणि काम परत आलं की त्याच दांड्याशेजारी धरून डोळे मिटून बोट फिरवावं.